‘खोडव्या’त माझी चाल नाही!

रिपोर्टर जेवढं आणतो तेवढं पेपरात कधीच येत नाही. डेस्कवरची पोरं कापतात. ओळी कापतात, विशेषणं कापतात, कधी कधी अख्खा माणूस कापून टाकतात. हे कापलेलं जातं कुठं? रद्दीत नाही जात. रिपोर्टरच्या पोटात जातं आणि तिथं मुरतं. बारामती-इंदापूरच्या बातम्या देण्यात माझी तीसेक वर्षं गेली. पोटात किती बरण्या भरल्या असतील, विचार करा! त्यातली सगळ्यात आंबट बरणी आज उघडतो.

‘डावा कालवा’ची.

आमच्याकडं नीरेचा डावा कालवा आहे, त्यावर सगळा ऊस उभा आहे. पण मी बोलतोय ते त्याच नावाच्या बँडबद्दल. जाझ बँड. बारामतीचा. हसू नका! दोन अल्बम निघालेत. पहिल्याचं नाव ‘लागण’, तो पुण्याच्या स्टुडिओत झाला. दुसरा ‘खोडवा’, तो इथंच सणसरला रेकॉर्ड केला. ऊस लावल्यावर पहिलं पीक येतं ते लागणीचं, ते तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं.

बँडवाले ट्यूनला चाल म्हणतात. ‘खोडव्या’तली प्रत्येक चाल ओळखीच्या कुणाच्या तरी नावाची आहे. हणमंतच्या आईची आहे. कऱ्हाटीच्या फाट्यावरच्या चहावाल्याची आहे. एक तर म्हशीची आहे, आणि तीही चांगली लांबलचक! आणि एक चाल आहे ‘किशोरची स्कूटर’.

माझ्या नावाची एकही नाही.

ह्या बँडची पहिली बातमी महाराष्ट्रात कुणी दिली? मी! किशोर तेव्हा ‘जाझ’ हे साबणाचं नाव समजत होता.

* * *

आधी माणसं सांगतो, म्हणजे कुणावर चिडायचं ते तुम्हाला कळेल.

हणमंत माझा कॉलेजातला दोस्त, कऱ्हाटीचा. त्याच्या चुलत्यांचा लग्नाचा बँड होता, त्यात तो क्लॅरिनेट वाजवायचा. पुढं सॅक्सोफोन घेतला आणि बिघडला. चुलते म्हणजे तात्या. सत्तरीच्या आसपासचे, ट्रम्पेट वाजवतात. अर्ध्या तालुक्याचे नवरदेव ह्यांच्या ट्रम्पेटमागून मांडवात गेलेत. ड्रमवर मुबारक, त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. पियानोवर मेघना मॅडम. त्या इंदापूरच्या, पुण्यात शिकून आलेल्या आणि बँडमध्ये नोटेशन वाचता येणाऱ्या एकट्याच.

आणि किशोर. तो बँडमध्ये नाही, माझ्या नशिबात आहे. समोरच्या पेपरचा रिपोर्टर. समोरचा म्हणजे खरंच समोरचा. त्याच्या ऑफिसची खिडकी आणि माझ्या ऑफिसची खिडकी यांच्यामध्ये एक रस्ता आणि एक वडापावची गाडी आहे. मी कुठं निघालो हे त्याला माझ्या आधी कळतं.

* * *

‘खोडवा’ हे नाव मी सुचवलं. हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे.

फाट्यावर चहा चालला होता. हणमंत म्हणाला, “दुसऱ्या अल्बमला नाव सापडंना.” मी म्हणालो, “पहिला लागण, मग दुसरा खोडवा. डोकं कशाला चालवायचं?”

तात्यांनी कप खाली ठेवला. “खोडवा नको. खोडव्याला उतारा पडत न्हाय. लोक म्हणत्याल, पैल्यापेक्षा हलका माल हाय.”

“पण तात्या,” मुबारक म्हणाला, “खोडव्याला बेणं लागत न्हाय, मशागत न्हाय. आपल्याकडं तरी दुसरं काय हाय?”

चहावाला, ज्याच्या नावाची पुढं चाल झाली तो, मध्ये पडला. “पाचट जाळलं न्हाय तर खोडवा बी लागणीला मागं टाकतो, तात्या. माझा बघा येऊन.”

मग पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात राहिलेला वाळका पाला, जाळावं का कुजवावं यावर अशी जुंपली, की अल्बम राहिला बाजूला. शेवटी तात्या उठले. “ठेवा खोडवा. पण जाळायचं न्हाय काय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरच्या पेपरात मथळा: ‘डाव्या कालव्याला खोडवा फुटणार!’ आणि खाली चौकटीत, ‘हे नाव सर्वप्रथम आमच्या प्रतिनिधीशी झालेल्या चर्चेत पुढं आलं.’

चर्चा! हा माणूस त्या वेळी शेजारच्या बाकावर मिसळ खात होता!

* * *

पुण्याहून एक पोरगी आली होती, पॉडकास्ट करणारी. हुशार होती. तिनं फाट्यावरच्या बाकावर तात्यांपुढं माइक धरला. “काका, इम्प्रोवायझेशन तुम्ही कुठं शिकलात?”

तात्या म्हणाले, “वरातीत.”

“म्हणजे?”

“वरात बघा ऐन चौकात आलेली असती. नवरदेवाचं दोस्त एकेक गाणं मागत्यात. त्यातलं निम्मं आमी ऐकल्यालं बी नसतं. येत न्हाय म्हणायची सोय न्हाय, आन थांबायची तर अजिबात न्हाय. मग त्या गाण्यासारखं कायतरी सुरू करायचं, आन त्येंच्या ध्यानात यायच्या आत दुसरीकडं न्यायचं.” तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. “मागितल्यालं येत न्हाय, थांबता येत न्हाय, तवा जे वाजतं ते जाझ.”

पोरगी वेडी झाली. ते वाक्य देशभर फिरलं. टी-शर्टवर छापलं म्हणे कुणी तरी.

आता माझं ऐका. ‘लागण’च्या वेळी मी ह्याच तात्यांना, ह्याच बाकावर, हाच प्रश्न विचारला होता. शुद्ध मराठीत! तेव्हा तात्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “नाना, नाष्टा झाला का?”

मी ते तसंच छापायला पाठवलं होतं. डेस्कनं कापलं.

* * *

‘खोडव्या’साठी खरा पियानो हवा असं मेघना मॅडमचं म्हणणं. इलेक्ट्रिक कीबोर्डवर त्या वाजवणार नाहीत. बारामतीत एका रिटायर्ड डॉक्टरांच्या बंगल्यात जुना पियानो होता, त्यावर कुंड्या ठेवलेल्या. डॉक्टरांना पटवलं कुणी? मी. सणसरला न्यायला ट्रॅक्टर-ट्रॉली बघितली कुणी? मी. ड्रायव्हरच्या शेजारी मडगार्डवर बसून धूळ खात गेलं कोण? पुन्हा मीच!

ड्रायव्हर चांगला होता, भानुदास नावाचा. पण सीझन चालू होता. गडी दोन महिने रोज ऊस भरून त्याच रस्त्यानं कारखान्यावर जात होता. डोक्यात तीच वाट. मी म्हणालो, “भानुदास, जरा डुलकी घेतो,” आणि मडगार्डला टेकलो. जागा झालो तर आजूबाजूला नुसत्या उसाच्या ट्रॉल्या. आम्ही कारखान्याच्या वजनकाट्यापुढच्या रांगेत उभे!

“भानुदास, हितं कुठं आणलंस?”

भानुदासनं कपाळावर हात मारला. “आयला! स्टेअरिंग आपोआप वळलं बघा नाना.”

मागं फिरायला जागा नाही. पुढं पन्नास ट्रॉल्या, मागं पन्नास. पुढं सरकत राहायचं, काट्यावरनं जायचं आणि पलीकडून बाहेर पडायचं, एवढाच मार्ग. आमच्या मागून मेघना मॅडम स्कूटीवर येत होत्या. त्या पोहोचल्या, सगळा प्रकार बघितला आणि काही न बोलता ट्रॉलीत चढल्या. ताडपत्री बाजूला केली. “आलोच आहोत तर सूर तरी बघते.”

आणि वाजवायला लागल्या! तोडणी कामगारांच्या बायका डोक्यावरची ओझी उतरवून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली. बैलगाडीचे बैलसुद्धा गप्प. काट्यावरचा क्लार्क खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, “ए, ह्या ट्रॉलीत ऊस न्हाय!”

“न्हाय सायेब!” भानुदास म्हणाला.

“मग हाय काय?”

“पेटी हाय. उभ्यानं भरल्याली.”

क्लार्कनं जरा विचार केला. “नंबर आलाय तर करून घे वजन. रांग मोडू नको.”

पियानोचं वजन झालं. आणि ह्या सगळ्याचा फोटो? माझ्या फोनची बॅटरी उतरलेली. पण त्याच दिवशी, त्याच वेळी, तोडणी कामगारांच्या पाण्याच्या प्रश्नावर बातमी करायला कारखान्यावर कोण आलं असेल? ओळखा! पहिल्या पानावर पाच कॉलम फोटो. मेघना मॅडम, पियानो, भोवती ऊसच ऊस. फोटोत कडेला मडगार्डवर एक कोपर दिसतं.

ते माझं आहे.

* * *

आता मुख्य दुखणं. ‘किशोरची स्कूटर’.

प्रॅक्टिस मुबारकच्या गॅरेजात व्हायची. किशोर तिथं आपल्या जुन्या स्कूटरवर यायचा. तिचं इंजिन उभ्या जागी असं चालायचं: दोनदा ढुग, मग गप्प, मग तीनदा ढुग, मग एक फाट्कन आवाज. रोजचंच. मी वैतागून गेलो होतो त्या आवाजाला.

एकदा तो दारात येऊन स्कूटर बंद करणार तेवढ्यात मुबारक ओरडला, “बंद नका करू, किशोरभाऊ!”

मुबारकनं काठ्या उचलल्या आणि स्कूटरच्या बरोबरीनं हलकेच वाजवायला लागला. हणमंतनं डोळे मिटून सॅक्सोफोन तोंडाला लावला. तात्या उठून ट्रम्पेट वाजवत चालायला लागले. किशोरला काहीच कळेना. तो आपला स्कूटरवर बसलेला, एक पाय जमिनीवर, फोटो स्टुडिओत बसतात तसा ताठ. बराच वेळ ते चाललं, आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. मलाही. मग एकदम स्कूटरनं आचका दिला आणि गप्प झाली. पेट्रोल संपलं! सगळे तिथंच थांबले.

अल्बममध्येही ती चाल अशीच मध्येच थांबते. समीक्षक म्हणतात, धाडसी शेवट आहे.

त्या दिवसापासून किशोर बोलताना म्हणतो, “आमच्या अल्बममध्ये...”

आमच्या! अरे, चाल स्कूटरची आहे! तुझं त्यात काय? पेट्रोलसुद्धा तुला पुरेसं भरता आलं नाही!

* * *

मीही माणूस आहे. मला वाटलं, वाजणारी गाडी एवढीच जर पात्रता असेल, तर आपल्याकडंही मोटारसायकल आहे.

मी एका रविवारी पाना घेऊन बसलो. मागच्या मडगार्डचे बोल्ट सैल केले. चेनकव्हर ढिलं केलं. सायलेन्सरला एक चपटा पत्रा तारेनं बांधला. गल्लीत एक चक्कर मारून बघितली. काय आवाज होता! ताल तर असा, की किशोरच्या स्कूटरनं शरमेनं मान खाली घालावी. आमची बायको शैला दारात उभी राहून बघत होती.

“कुठं निघालात भंगार घेऊन?”

“प्रॅक्टिसला.”

“त्यापेक्षा रात्रीचं तुमचं घोरणं रेकॉर्ड करा म्हणावं. ताल पक्का हाय आणि पेट्रोल लागत न्हाय.”

दुर्लक्ष केलं. गॅरेजच्या दारात गाडी उभी केली आणि मुद्दाम चालूच ठेवली. मुबारकनं मान वर केली. कान टवकारले. माझी छाती फुलली. तो जवळ आला, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून ऐकलं.

“बंद करा, नाना.”

मी बंद केली. तो आत गेला, मी म्हटलं काठ्या आणायला गेला. आला तो पान्यांचा डबा घेऊन! मी काही बोलायच्या आत त्यानं मडगार्ड आवळलं, चेनकव्हर बसवलं, तो पत्रा काढून फेकून दिला.

“कुणी बांधला हो हा? मरायची पाळी आली असती. लाजू नका नाना, आवाज आला की आणत जावा गाडी. आपल्याच माणसांची कामं आपुण न्हाय करायची तर कुणी?”

माझी मोटारसायकल आता पाण्यासारखी चालते. आवाज म्हणून नाही!

आणि किशोरच्या स्कूटरवर गॅरेजात पाटी लावलेली: ‘हात लावू नये. रेकॉर्डिंग व्हायचे आहे.’

* * *

सणसरचा स्टुडिओ म्हणजे बँडच्या ओळखीतल्या विजयची रिकामी पोल्ट्री शेड. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. ट्रे तर घरचेच होते. रेकॉर्डिंगला पुण्याहून सौरभ नावाचा इंजिनिअर आणला.

सौरभ म्हणाला, “काका, माइकसमोर उभं राहून वाजवायचं. हलायचं नाही.”

तात्या उभे राहिले. वाजवलं. सूर बरोबर, सगळं बरोबर, पण ट्रम्पेट सर्दी झाल्यासारखं. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

“काय होतंय, काका?”

“ल्येका, उभ्या आयुष्यात उभ्यानं वाजवलं न्हाय. पाय बांधल्यावर फुंक कुठनं यील?”

पहिल्या अल्बमच्या वेळी पुण्याच्या स्टुडिओत असंच झालं होतं, तिथल्या माणसानं ऐकून घेतलं नव्हतं, म्हणून ‘लागण’मधलं ट्रम्पेट मेंगळट आहे. हे मी तेव्हाच लिहिलं होतं! असो. सौरभ शहाणा. त्यानं शेडच्या मधोमध माइक उभा केला, मुबारकला ड्रमसकट तिथं बसवलं, आणि बाकीच्यांना सांगितलं, “चाला.”

मग काय! चपला काढून तात्या पुढं, हणमंत मागं, पोल्ट्रीभर गोल गोल वरात. पियानो हलवता येईना म्हणून मेघना मॅडम बसून, पण त्यांचाही पाय खाली चालत होता. ‘खोडवा’ ऐकताना ट्रम्पेट जवळ येतं, लांब जातं, ते ह्यामुळं.

मुंबईच्या एका मोठ्या समीक्षकानं लिहिलं, ‘हा सान्निध्य आणि विरह यांचा अमूर्त संवाद आहे. विशेषतः दूर गेलेलं ट्रम्पेट परतायला जो विलंब लावतं, तो जीवघेणा आहे.’

मी ते तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, “इरह कसला? त्या टोकाला पंखा व्हता. तितं गेलो की जरा रेंगाळायचो.”

ही बातमी मी सविस्तर पाठवली. अंड्यांच्या ट्रेसकट, पंख्यासकट! खताची जाहिरात आली, बातमी गेली. संध्याकाळी किशोरचा फोन. “नाना, काय झालं रे सणसरला? मला जमलं नाही यायला.” मी रागाच्या भरात डेस्कला शिव्या देता देता सगळं सांगून टाकलं.

‘चालत्या पावलांचा जाझ’, चार कॉलम, पान एक. विशेष प्रतिनिधी, सणसर.

सणसर! तो त्या दिवशी मेहुण्याच्या वास्तुशांतीत इंदापूरला पुरणपोळी हाणत होता!

* * *

शेवटी मी हणमंतला सरळच विचारलं. कॉलेजात त्याच्या प्रेमपत्रांचा मजकूर मी लिहायचो, एवढा हक्क मला आहे.

“हणम्या, माझ्या नावाची चाल का नाही?”

“केली होती, नाना. दोनदा बसलो तुझ्या नावानं. दरवेळी चिडकीच व्हती.”

“मग चिडकी ठेवायची!”

“ठेवून बघितली. मुबारक आन तात्या वाजवता वाजवता भांडाय लागले. मेघना मॅडमनी पियानोचं झाकण आपटलं. न्हाय जमत रे. माणसं उठून मारामारी करतील.”

“म्हशीची जमली?”

“म्हस शांत हाय, नाना.”

मी उठून आलो. त्यानंतर पंधरा दिवस गॅरेजकडं फिरकलो नाही.

* * *

आता शेवटचं.

‘खोडव्या’चं प्रकाशन रविवारी संध्याकाळी बारामतीतल्या हॉलमध्ये होतं. निमंत्रणपत्रिका आली. त्यात छापलेलं, ‘विशेष उपस्थिती: ज्यांच्या नावानं चाली बांधल्या ती सर्व मंडळी.’ म्हैस सोडून सगळ्यांची नावं. मी पत्रिका टीव्हीखाली सारली आणि ठरवलं, जायचं नाही. बातमी? एजन्सीची घेतील!

रविवारी दुपारी मी बनियनवर पेपर वाचत बसलो होतो. शैला साडी नेसून तयार. “येताय का?”

“डोकं दुखतंय.”

“दुखतंय ते डोकं न्हाय,” ती म्हणाली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

आमच्या भागातल्या लग्नाची एक रीत आहे. मांडवात सगळे जमतात आणि मग कळतं, की कुणी तरी रुसून घरी बसलंय. बहुधा नवरदेवाचा मामा. मान राहिला, टॉवेल-टोपी राहिली, कारण काहीही. मग लग्न थांबतं आणि बँड त्याच्या दारात जातो. तो उठेपर्यंत वाजवायचं आणि उठला की त्याला पुढं घालून वाजतगाजत आणायचं. तात्यांनी असे किती मामा उठवले असतील, देव जाणे.

गल्लीच्या तोंडाशी ट्रम्पेट ऐकू आलं आणि मला घाम फुटला.

खिडकीतून बघितलं. तात्या पुढं, जरीचा जुना कोट घालून. मागं हणमंत. मुबारकनं ड्रम गळ्यात अडकवलेला. मेघना मॅडमच्या हातात तोंडानं फुंकायची छोटी पेटी. गल्लीतल्या बाया दारात, पोरं नाचायला लागलेली. आणि वाजवत काय होते? ‘किशोरची स्कूटर’!

मी खिडकीतून ओरडलो, “तात्या! दुसरी सापडली न्हाय का?”

तात्यांनी ट्रम्पेट बाजूला केलं. “रस्त्यानं जायला हीच बरी पडती, नाना. गाडीची हाय न्हवं!” आणि पुन्हा तोंडाला लावलं.

मी दार लावलं. ते वाजवत राहिले. मी पंखा मोठा केला. ते वाजवत राहिले. शेजारचे पाटीलसर ओट्यावरून म्हणाले, “नाना, उठा आता. माझा बीपी वाढतोय.” शैला आत आली, शर्ट माझ्या अंगावर फेकला. “गुंड्या लावा. सगळी गल्ली बघती.”

उठलो. काय करणार? मुख्य रस्त्यानं मी पुढं, मागं बँड. ट्रॅफिक हवालदारानं गाड्या थांबवून मला सलाम केला. कुणाचं लग्न म्हणून लोक विचारत होते. मी ताठ मानेनं चाललो होतो आणि कानात किशोर वाजत होता.

हॉलच्या दारात चाल संपली. आम्ही आत गेलो.

किशोर पहिल्या रांगेत. नवं जाकीट, शेजारी बायको, सासूबाई, इंदापूरचे मेहुणे, झाडून सगळे. मेहुण्यानं फोन स्टँडवर लावून ठेवलेला. किशोरनं मला बघून हात केला, मोठ्या मनाच्या माणसासारखा. माझी खुर्ची नेमकी त्याच्या शेजारी.

कार्यक्रम सुरू झाला. आईची चाल झाली. चहावाल्याची झाली. म्हशीच्या चालीला लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. किशोर दरवेळी जाकीट सारखं करायचा आणि दरवेळी दुसरीच चाल सुरू व्हायची. शेवटी निवेदिका आभार मानायला आली, तेव्हा तो ताडकन उठून स्टेजच्या कडेला गेला.

“तात्या, माझी राहिली!”

“राहिली कशी? वाजवली की मगाशी, नानांच्या दारात.”

“पण इथं?”

“एका वरातीत एक चाल एकदाच. आमचा नेम हाय. न्हायतर लोक म्हणत्यात, ह्येंना एवढंच येतं. परत पायजे तर फर्माईश येऊ द्या.”

“मग करतो मी फर्माईश!”

तात्या दचकले. “तुमी? तुमच्या नावाची चाल हाय. नवरदेव कधी फर्माईश करतो व्हय?”

“मग माझा मेहुणा करेल.”

“त्येला कुणी वाजवत आणला?” तात्यांनी ट्रम्पेट माझ्याकडं रोखलं. “आज मान नानांचा हाय. फर्माईश त्येंचीच चालंल.”

हणमंत मध्ये पडायला बघत होता. तात्यांनी नुसतं बघितलं, तो मागं सरला.

किशोर परत आला. खुर्चीत बसला. सासूबाई विचारत होत्या, “जावईबापू, आपली कधी?”

“नाना,” तो शेवटी म्हणाला.

“बोल.”

“फर्माईश कर.”

“कशाची?”

“तुला माहितीये कशाची.”

“मला कसं माहीत असणार? मी आत्ता आलो.”

स्टेजवर मुबारक काठ्या गुंडाळायला लागला होता. किशोरचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, न विचारताच नेलं होतं.

“नाना, प्लीज. सासूबाई आल्यात इंदापूरहून.”

मी उठलो. जाकीट नव्हतं, शर्टच सारखा केला. हात वर केला, आणि हॉलच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “तात्या! मगाशी माझ्या दारात वाजवलीत ना, ती होऊन जाऊ द्या!”

तात्यांनी वाकून नमस्कार केला. निवेदिकेच्या हातातला माइक ओढून घेतला.

“नानांच्या दारातली चाल!” तात्या गरजले. “खास नानांच्या फर्माईशीवर!”

हॉल टाळ्यांनी दणाणला. पाटीलसर उभे राहिले, शैला उभी राहिली, किशोरच्या सासूबाईसुद्धा माझ्याकडं बघून कौतुकानं टाळ्या वाजवायला लागल्या.

सगळ्यात शेवटी किशोरनं वाजवल्या.